भात डावीकडे, सार उजवीकडे

माझ्या थोरल्या वहिनीचा सगळा संसार तीन दिवसांचा. त्यानंतर सहासष्ट वर्षं ती आमच्या घरची थोरली सून होती. एवढ्याशा पुंजीवर एवढी वर्षं कशी काढायची, हे ज्याला बघायचं होतं त्यानं आमच्या घरी यायला हवं होतं.

तिचं नाव क्वोन जमरे. पण सुनेला नावानं हाक कोण मारतो? माहेर बामगोलचं, म्हणून सगळ्या गावाला ती बामगोलवाली. मी तिची नणंद, मालसुन. मालसुन म्हणजे शेवटची. माझ्याआधी दोन मुली होऊन गेल्या होत्या, तेव्हा आता मुली पुरे हे आभाळाला नीट कळावं म्हणून ठेवलेलं नाव. मी लिहायला शिकले सत्तरी उलटल्यावर, गावच्या म्हाताऱ्या मंडळींच्या वर्गात. तिथल्या बाई म्हणाल्या, कुणाबद्दल तरी लिहून आणा. बाकीच्या आज्या नवऱ्याबद्दल लिहीत बसल्या. मला वहिनी आठवली.

लग्न झालं पन्नास साली, चौथ्या महिन्यात, तिच्या माहेरच्या अंगणात. नवरदेवाकडच्या बायकापोरी अशा लग्नाला जात नाहीत, त्यामुळे मी काहीच पाहिलं नाही. मी नऊ वर्षांची होते आणि दोन दिवस रुसून बसले होते. पण पुढे वहिनीनं मला ते लग्न इतक्या वेळा सांगितलं, की आता मी तिथे नव्हते हेच मला खरं वाटत नाही.

दादा सतरा वर्षांचा, ती एकोणीसची. दादानं लाल कापडात गुंडाळलेला लाकडी हंस नेला होता. तो तिच्या आईनं घागऱ्याच्या ओच्यात घेतला आणि रीतीप्रमाणे नवरीच्या खोलीत फेकला.

"वन्सं, हंस उभा राहिला तर पहिला मुलगा," वहिनी सांगायची. "कुशीवर पडला तर मुलगी. आमचा पडला उताणा. पोट वर!"

"मग?"

"मग काय! बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी माझी मावशी म्हणाली, काही नाही गं, जावई झोपाळू निघणार."

जावई झोपाळू होता की नव्हता हे कळायला तिला वेळच मिळाला नाही. पहिल्या संध्याकाळी गावच्या पोरांनी त्याचे पाय बांधले, उलटा टांगला आणि सुक्या माशानं तळवे बडवले. "आमच्या गावची पोरगी चोरतोस? बोल, पुन्हा चोरशील?" दादा ओरडत होता, "आई गं! आई गं!" कोणाच्या आईला हाक मारत होता कोण जाणे, पण तिची आई धावली आणि तांदळाच्या दारूचं मडकं पुढे केल्यावर पोरांनी त्याला सोडलं. दाराच्या कागदाला बोटानं भोक पाडून वहिनी बघत होती. हसू आवरेना म्हणून तिनं बाहीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा जेवून निघाला. त्या सकाळी काय झालं ते मात्र तिनं मला कधीच सांगितलं नाही. लग्नाची गोष्ट त्या दाराशी येऊन थांबायची.

ठरलं असं होतं, की शरदात पालखी पाठवून नवरीला सासरी आणायची. पण बार्ली खळ्यात होती तेव्हाच युद्ध सुरू झालं. उत्तरेकडचे सैनिक आले, त्यांनी तरण्या पोरांना शाळेच्या पटांगणात बोलावलं आणि रांग करून डोंगराकडे चालवलं. दादाच्या पायात गवताच्या चपला होत्या. आई त्याचे लग्नातले नवे रबरी बूट घेऊन मागे धावली. दादा म्हणाला, "नको आई, चिखलात खराब होतील. आल्यावर घालीन." ते बूट आमच्या घरात अजून आहेत. आता ते दगडासारखे कडक झालेत.

शरदात गावची अर्धी घरं जळालेली होती, तरी पालखी आली. वहिनीच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, "लग्न झालं म्हणजे झालं. मुलगी तुमची." इडापिडा बाहेर राहावी म्हणून आईनं फाटकाशी पेंढा पेटवला, पालखी त्या जाळावरून आत आली आणि तीतून एक उंच, नाकावर घाम आलेली मुलगी उतरली. ती सासऱ्यांना आणि सासूला वाकली. आता रीतीनं सासूनं सुनेच्या ओटीत लाल बोरं आणि चेस्टनट टाकायचे, जितके झेलशील तितकी मुलं. आईची मूठ भरलेली. पण मूठ उघडेना. सुनेच्या शेजारची जागा रिकामी होती, मुलं काय आभाळातून होणार? मग वहिनीनंच ओटी जरा पुढे केली. आईनं बोरं टाकली. दोन-तीन घरंगळत माझ्यापाशी आली, ती मी खाल्ली. वहिनीनं ते पाहिलं आणि मान खाली ठेवूनच एक चेस्टनट हळूच माझ्याकडे ढकलला. तेव्हापासून मी तिची झाले.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात एक भांडं जास्त वाढलं जायचं. पितळेचं, झाकणाचं. दादाचं. वहिनी त्यात गरम भात भरायची, झाकण घालायची आणि खोलीच्या ऊबदार कोपऱ्यात, जिथे जमिनीखालून चुलीची धग येते तिथे, रजईखाली ठेवायची. कधी आला, तर थंड भात खायला लागू नये. आला नाही, की सकाळी तो भात ती स्वतः खायची. मी विचारायची, "शिळा भात कसा लागतो गं वहिनी?" ती म्हणायची, "नवऱ्याचं उष्टं खावं लागतं बायकोला. इथे निदान उष्टं तरी नाही."

तिच्या हातात सुई अशी चालायची की टाका शोधावा लागायचा. लग्नाची दुलई शिवायची तर वहिनीनंच, असं गाव म्हणायला लागलं. पण त्यात एक मेख होती. लग्नाच्या दुलईला सवाष्णीचाच हात लागावा लागतो, नवरा जिवंत असलेलीचा. विधवेच्या हातची दुलई नव्या जोडप्यावर घालत नाहीत. आणि वहिनी कोण, हे कुणाला ठाऊक होतं?

आईला ठाऊक होतं. पाणवठ्यावर एक बाई कुजबुजली, "बामगोलवालीला सवाष्ण म्हणायचं तरी कसं?" आईनं कपडे बडवायचं धोपटणंच उचललं. "तुझा नवरा घरात असून दारूच्या गुत्त्यात असतो, तरी तू सवाष्ण ना? माझा लेक लांब आहे एवढंच. माझी सून सवाष्ण आहे."

धोपटण्यापुढे कोण बोलणार? पुढची दहा वर्षं आमच्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं वहिनीच्या दुलईखाली निजली.

माझं लग्न झालं तेव्हा मी अठराची होते. टेकडीपलीकडचं गाव. वहिनीनं माझ्यासाठी लाल आणि हिरव्या रेशमाची दुलई शिवली, पांढऱ्या काठाची, आणि दोरा मध्ये कुठेच तोडला नाही. आयुष्य तुटू नये म्हणून. शिवता शिवता म्हणाली, "वन्सं, पाय आखडून झोपायची तुमची सवय. मी लांबीला एक वीत जास्त धरली आहे, आता तरी पाय पसरा."

वर्षानं मला मुलगी झाली. सात महिन्यांची असताना तिला गोवर आला आणि ती चार दिवसांत गेली. त्या चार दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. पाचव्या दिवशी सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "दुलई कुणी शिवली होती ते मी लग्नाच्या वेळीच विचारायला हवं होतं." बस, एवढंच.

एवढंच मला पुरलं. मी टेकडी ओलांडून माहेरी आले. वहिनी अंगणात चटईवर बसून कुणाच्या तरी लग्नाच्या दुलईत कापूस भरत होती. केसांवर कापसाचे पुंजके. मला बघून उठली, हात पसरले.

मी म्हणाले, "हात लावू नकोस मला. या हातांनीच खाल्लं. आधी माझ्या भावाला खाल्लंस, आता माझ्या पोरीला."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी पातं होतं.

वहिनीनं हात मागे घेतले. तळवे उलटेसुलटे करून पाहिले, काही लागलंय का पाहतात तसे. मग म्हणाली, "हो, वन्सं." आणि खाली बसून चटईवरची सुई टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवली. ती दुलई दुसऱ्या कुणी पुरी केली.

आई ओसरीवर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी धोपटणं उचलणारी आई त्या दिवशी बोलली नाही. कारण तिच्या मनात दुसरंच काही वर्षभर कुरतडत होतं, ते मला नंतर कळलं. दादा तिच्या स्वप्नात यायचा, फाटकाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई, भूक लागली." जिवंत असेल तर ठीक. पण मेला असेल, तर अकरा वर्षं कुणी त्याचं पितराचं पान मांडलेलं नाही, पोटच्या पोराला आपण उपाशी दाराशी ठेवलंय, हे आईला खात होतं. सुनेला ती हे कसं सांगणार? पान मांडलं की दादा मेला, आणि दादा मेला की सून विधवा.

त्या शरदात वहिनीच आईपुढे जाऊन बसली. "आई, येत्या नवमीला त्यांचं पान मांडू या."

ज्याच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्याचं पान नवव्या महिन्याच्या नवमीला, दिवसाउजेडी मांडतात. आई रडली. मी तेव्हा माहेरीच होते. मला वाटलं दुःखानं रडते. पण त्या रडण्यात सुटका होती, आणि ती वहिनीनं ओळखली. ती आईची पाठ चोळत म्हणाली, "पोटभर जेवू दे त्यांना एकदाचं."

दादाला मूल नव्हतं, म्हणून त्याच्या पाठच्या भावाचा चार वर्षांचा मुलगा, मुनगिल, त्याच्या नावावर दिला. नमस्कार करायला मुलगा हवा ना! इवलासा पोरगा, डोक्यावरची टोपी नाकावर आलेली. पितरांच्या भातात चमचा उभा खोवायचा असतो, तो त्याच्या बापानं त्याचा हात धरून खोवला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो पितळेच्या भांड्यातला भात तिनंच भरून दिला होता, शेजारी मुळ्याचं सार.

तेवढ्यात भाऊबंदांतले एक काका खेकसले, "अरे, भात आणि सार उलटं ठेवलंय!"

जिवंत माणसाला भात त्याच्या डाव्या हाताला वाढतात, सार उजव्या. मेलेल्याला नेमकं उलटं. आमच्याकडे हे सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. वहिनीनं ट्रेमध्ये जिवंताचं वाढलं होतं. काकांनी भांडी फिरवली. वहिनी म्हणाली, "चुकलं."

त्या संध्याकाळी ऊबदार कोपऱ्यात रजई सपाट होती. मी दहा वेळा तरी तिकडे पाहिलं असेल.

त्यानंतर वहिनीनं लग्नाच्या कापडाला हात लावला नाही. ती मर्तिकाचे कपडे शिवायला लागली. त्यांना कुणाचाही हात चालतो. त्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, जाणाऱ्याचा पाय अडकू नये म्हणून. ती म्हणायची, "हे बरं असतं वन्सं. गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही."

मला पुढे तीन मुलं झाली. तिघंही त्याच लाल-हिरव्या दुलईखाली वाढली, ठणठणीत. म्हणजे दुलईचा काही दोष नव्हता, हे मला तीनदा कळलं. तीनदा टेकडी ओलांडून तिला सांगायला हवं होतं. मी टेकडी ओलांडायचे, मुळे न्यायचे, सुकी मासळी न्यायचे, आणि ते सोडून बाकी सगळं बोलून परत यायचे.

नवमीला मी दरवर्षी जायचे. आणि दरवर्षी वहिनी तीच चूक करायची. भात डावीकडे, सार उजवीकडे. बायका हसायच्या, "बामगोलवाली, अगं पन्नास पानं मांडलीस जन्मात, अजून डावं-उजवं कळेना?" ती म्हणायची, "म्हातारी झाले." तिशीतही ती हेच म्हणायची. मग काकांनी खेकसायला नको म्हणून ट्रे बाहेर जायच्या आधी मीच गुपचूप भांडी फिरवायला लागले. मला वाटायचं, मी तिची लाज राखते. आणखी एक गोष्ट मला दिसायची, पण समजायची नाही. माझ्या वडिलांच्या पानाला, पुढे आईच्या पानाला तिच्या हातून कधी चूक व्हायची नाही. चूक फक्त नवमीला.

पंचाऐंशी वर्षांची झाली तेव्हा तिचं हृदय थकलं. मुनगिल तिला शहरात न्यायला आला होता, तर म्हणाली, "तुझ्या चौदाव्या मजल्यावर जमीन खालून कशी तापते ते मला समजत नाही. मी इथेच बरी." मग मी जाऊन राहिले. दोघी म्हाताऱ्या ऊबदार कोपऱ्यात पाय घालून पडायचो.

एका दुपारी ती म्हणाली, "वन्सं, ती तिसऱ्या दिवशीची सकाळ तुम्हाला सांगायची राहिली."

मी तिच्याकडे कूस वळवली.

"त्या सकाळी आई म्हणाली, आज जावयाचं मेज तू मांड. आधीचे दोन दिवस तीच मांडत होती. लाजेनं मला काही सुचेना! मेज घेऊन गेले, त्यांच्यापुढे ठेवलं, आणि बघते तर भात उजवीकडे, सार डावीकडे. मेलेल्याचं वाढलं होतं मी."

"मग दादा काय म्हणाला?"

"हसले. स्वतःच भांडी इकडची तिकडे केली आणि म्हणाले, अगं, मी अजून जिवंत आहे. मग सगळा भात संपवला, सार चाखून म्हणाले, तुमच्याकडे मीठ जास्त घालतात. आणि गेले." वहिनी छताकडे बघत होती. "जन्मात एकदाच त्यांना वाढलं मी. ते असं."

इतकी वर्षं सांगायचं राहिलेलं मी तेव्हा बोलायला घेतलं. "वहिनी, मी तुला त्या दिवशी अंगणात…"

"हातांनी खाल्लं म्हणालात ते? अहो, ते मी त्याआधी अकरा वर्षं रोज स्वतःला म्हणत होते. तुम्ही पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालात. मला वाटलं, बघ, हिला पण दिसलं."

"मला काही दिसलं नव्हतं गं! माझी पोर गेली होती. मी भिंतीला पण बोलले असते."

"मग भिंतीला बोलायचं होतंत," ती म्हणाली, आणि माझा हात घेऊन रजईखाली उबेला ठेवला. तिचे हात त्या वयातही मऊ होते. मी रडत होते. ती माझी बोटं एकेक करून चोळत होती, मी नऊ वर्षांची होऊन बर्फातून आले असावे तशी.

"म्हणून नवमीला भात डावीकडे?" मी विचारलं.

"एकदा मांडलं ना मेलेल्याचं. पुन्हा माझ्या हातून कसं मांडू? तुम्ही मागून फिरवायचात ते मला माहीत होतं. म्हटलं, फिरवू देत. माझ्या हातानं नको."

तीन आठवड्यांनी, थंडीत, ती गेली. स्वतःचे मर्तिकाचे कपडे तिनं वीस वर्षांपूर्वीच शिवून ठेवले होते, दोऱ्याला गाठ नाही. त्यांच्यावर आम्ही तिचा लग्नातला हिरवा झगा घातला. तिच्या कपड्यांच्या पेटीच्या तळाशी तो लाकडी हंस निघाला. तिच्या आईनं तो पालखीतून पाठवला होता. आम्ही तो तिच्या हातांशी ठेवला. तो तिथेही घरंगळून उताणा पडला, आणि कुणीच सरळ केला नाही.

यंदाच्या नवमीला पहिल्यांदा दोघांचं पान एकत्र होतं. मुनगिल आता साठीचा, त्याचेच केस पांढरे. स्वयंपाकघरात मी एकटी. दोन पितळेची भांडी भरली, दोन वाट्या सार. सारात मीठ कमी घातलं. वहिनीचं वाढलं ते रीतीनं, भात उजवीकडे. मग दादाचं वाढायला घेतलं आणि माझे हात थांबले. हे हात इतकी वर्षं फक्त फिरवायला शिकले होते. मी भात डावीकडे ठेवला, सार उजवीकडे, आणि ट्रे मुनगिलच्या हाती दिला.

त्यानं मेजावर मांडलं, मागे सरला, पाहिलं. "आत्या, मोठ्या बाबांचं उलटं झालंय." आणि भांड्याकडे हात नेला.

मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," मी म्हणाले. "ते तुझ्या मोठ्या आईनं मांडलंय."